गुळाची तुला

धार, २४ ऑगस्ट १९८५

ताई,

तुला देवासच्या घरी सोडून मी परवा संध्याकाळी इथे पोचले. इंदूरला बस बदलताना पिशवीत हात घातला तर तुझी चांदीची वाटी माझ्याकडेच राहिलेली. आपल्या दोघींच्या उष्टावणाची ती वाटी. मुंबईला दवाखान्यात तू तिच्यातूनच घोट घोट पाणी घेत होतीस. अण्णांच्या ओळखीचे एक गृहस्थ सोमवारी देवासला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. ती वाटीभर घेतलं की पोट भरलं असं समजायचं.

मुंबईहून निघताना डॉक्टर दारात जे बोलले ते तुझ्या कानावर नीट पडलं नसेल. तू चाकाच्या खुर्चीत होतीस आणि अशोकभाऊजी टॅक्सी बघायला गेले होते. म्हणून लिहून कळवते. मी काही विसरले तर दोष माझ्याकडे येईल, या भीतीने हे पत्र दोनदा लिहिलंय.

ते म्हणाले, सुरुवातीला वजन भरभर उतरेल. त्यावर खूष होऊ नका, त्यात पाणीच जास्त. मग एक दिवस काटा थांबेल. पोटाची पिशवी शिवून लहान केलेली, त्यात पातळ खाणं, त्यामुळे शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते आहे ते धरून ठेवतं. तेव्हा घाबरू नका आणि खाणं मुळीच कमी करू नका. काय साधलं ते वर्षाने बघायचं. 'वर्षाने' हा शब्द ते दोनदा म्हणाले.

आणखी एक. उलट्या थांबेनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा नजरेत फरक वाटला, तर एक दिवसही थांबायचं नाही, लगेच सुई घ्यायची. हे ते सगळ्याच पेशंटना सांगतात म्हणे. तुला त्याची गरज पडणार नाही.

तुझ्या सासूबाईंनी मला दारातच विचारलं, "दिवाळीपर्यंत ही लग्नात होती तशी होईल ना गं?" मी म्हटलं, "हो, हळूहळू." त्यांनी 'हो' ऐकलं. 'हळूहळू' ऐकलं की नाही, देव जाणे. ऑपरेशन तुझा झोपेत श्वास अडकायचा म्हणून केलंय, बारीक दिसावं म्हणून नाही, हे एकदा त्यांना नीट सांग.

अण्णांचे आशीर्वाद.

तुझी,
सरला


देवास, ५ सप्टेंबर १९८५

लाडके सरले,

वाटी मिळाली. घरात तिचं नाव 'ताईसाहेबांचं ताट' पडलंय. दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी ताक, मधे साबुदाण्याची पेज. पूर्वी मी चार पोळ्या खाऊन उठायचे तेव्हा सगळे गप्प असायचे. आता वाटीभर पाणी प्यायले की कॉलनी बघायला येते.

आता खरी बातमी. मी उतरतेय! दर रविवारी हे मला स्टेशनवर नेतात. प्लॅटफॉर्मवर ते लाल दिव्यांचं मशीन आहे ना, नाणं टाकलं की तिकीट पडतं, त्यावर. पुढे वजन, मागे भविष्य. मागच्या तिकिटावर होतं, 'आप उदार हैं, मित्रों से सावधान रहें.' हे म्हणाले, "मैत्रिणी तुझा डबा संपवतात, त्याबद्दल असेल." आम्ही दोघं इतकं हसलो की टाक्यांवर हात धरावा लागला. वजन भराभरा खाली येतंय. झोपेत घोरणंही कमी झालंय. ह्यांना आता रात्री उठून माझा श्वास बघावा लागत नाही.

आईंचा तर पाय जमिनीवर ठरत नाही. मी मुंबईला टेबलावर होते तेव्हा त्यांनी टेकडीवरच्या देवीला नवस बोलला होता, तो आता सांगितला. सून सुखरूप परत आली की नवरात्रातल्या अष्टमीला तिची गुळाची तुला करीन. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. नंतर कॉलनीला दालबाफल्यांचं जेवण. आमंत्रणं तोंडी सुरूही झालीत. "या हो, आमच्या जयवंतीला बघायला या, ओळखणार नाही तुम्ही."

सरले, आठ वर्षांत मला कोणी 'बघायला या' म्हटलं नव्हतं.

तुझी,
ताई


धार, ११ सप्टेंबर १९८५

ताई,

पत्र वाचून आनंद झाला आणि झोप गेली. दोन्ही खरं.

नवस फेडायचा नाही असं मी कशी म्हणेन? पण या अष्टमीला नको. डॉक्टर ज्या थांबण्याबद्दल बोलले ते नेमकं तेव्हाच येईल असं मला वाटतं, आणि तेव्हा तू सगळ्यांसमोर पारड्यात बसलेली असशील. सासूबाईंना सांग, पुढच्या वर्षी करू. नवसाला मुदत घातलेली नाही ना?

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "संस्थानात असताना आम्ही हुजुरांची सोन्याची तुला पाहिली. हुजूर वजनदार होते म्हणून कोणी हसलं नाही. सोनं जास्त वाटलं गेलं." मला त्यातून काही उमगलं नाही. ते आपल्या लहानपणीही असंच शिकवायचे, उत्तर सांगून निघून जायचे, गणित आपण शोधायचं.

आता गणपती येतील. मोदक समोर येतील. तू गोड खाऊ नयेस, एवढंच.

सरला


देवास, २७ सप्टेंबर १९८५

सरले,

उत्तराला उशीर झाला. गणपतीची गडबड होती.

काटा थांबला. दोन रविवार तिकिटावर तोच आकडा. मागे, 'धैर्य रखें, शुभ समाचार मिलेगा.' यावेळी हे हसले नाहीत. तिकीट खिशात घालून म्हणाले, "मशीनच बिघडलं असेल, स्टेशनचं काय खरं." मग ह्यांच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पोती तोलायचा काटा आहे, त्यावर नेलं. तिथेही तेच. पोत्यांमध्ये उभी राहिले होते, त्याचं वाईट वाटलं नाही. काटा बघून ह्यांनी मान वळवली, त्याचं वाटलं.

आईंना नवस पुढे ढकलायचं म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "देवीला काय तारीख देतेस? ती काय कचेरी आहे?"

शेजारच्या उमाशंकरजींच्या मिसेस आरतीला आल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "क्यों भाभी, बंबईवाले ने कुछ निकाला भी, कि सिलाई करके भेज दिया?" सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसल्या, पण मग दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आमंत्रणं देऊन बसल्यात ना.

एखादेवेळी खाल्लेलं पोटात राहत नाही. ते सगळ्यांनाच होतं म्हणे. तू काळजी करू नकोस. अष्टमीपर्यंत मी करते काहीतरी.

ताई


धार, २ ऑक्टोबर १९८५

ताई,

रागावू नकोस, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तू मोदक खाल्लेस ना? किंवा पेढे? पत्रात आरतीचं आहे, शेजारणीचं आहे, नैवेद्याचं एक अक्षर नाही. तू जे लिहीत नाहीस तेच मला आधी दिसतं. लहानपणी डब्यातला लाडू खाल्लास की तू अशीच दुसऱ्या सगळ्या गोष्टी सांगायचीस.

काटा थांबणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण गोड पोटात गेलं तर तो चढेलसुद्धा. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेतून गेल्यावर जिभेवर थोडा ताबा नको का? सुट्टीसाठी भाऊजींनी किती रदबदली केली ते आठव. आणि 'अष्टमीपर्यंत करते काहीतरी' म्हणजे काय? नीट लिही.

तुझ्या भल्यासाठीच लिहिते.

सरला


देवास, १६ ऑक्टोबर १९८५

लाडके सरले,

तू म्हणालीस तसा ताबा ठेवला. अगदी पूर्ण. आता मोदक काय, वरणाचं पाणीसुद्धा नकोसं वाटतं. मी तेही सोडून बघितलं आणि काटा पुन्हा हलला! गेल्या रविवारचं तिकीट आईंनी देवघरात ठेवलंय. भविष्याची बाजू वर करून.

परवा घट बसले. आता घरात सगळ्यांचाच उपवास, त्यामुळे माझ्या वाटीकडे कोणी बघत नाही. बरंच झालं. पाणी प्यायलं तरी थोड्या वेळाने वर येतं, पण न्हाणीघराचं दार लावून घेते. कोणाला त्रास नको. आई म्हणतात, "जयवंती कडक करतेय नवरात्र." पहिल्यांदाच त्या शेजारणीला माझ्याबद्दल अभिमानाने काही सांगताना ऐकलं.

पायांना मुंग्या येतात. टेकडी चढायची सवय करायला दोन वेळा पायऱ्यांपर्यंत जाऊन आले, त्यानेच असेल. भिंतीला हात लावला की चालता येतं.

आणि आता अशी गोष्ट सांगते की तुझ्या अंगावर काटा येईल. घट बसले त्या संध्याकाळी मी समईपुढे हात जोडले. वात एकच लावली होती. मला दोन ज्योती दिसल्या, शेजारी शेजारी, एकमेकीला धक्का न लावता. डोळे चोळले तरी दोन. मी आईंना सांगितलं. म्हणाल्या, "अगं, टेकडीवर दोघी बहिणी आहेत, बडी माता आणि छोटी माता. दोघींनी तुला दर्शन दिलंय. नवस पोचला." त्यांनी माझ्या पायांना हात लावला, सरले. आईंनी, माझ्या. मी मागे सरकायला गेले तर पडलेच.

आता रोजच दिसतात. अक्षर वाकडं आलंय, माफ कर. एक डोळा हाताने झाकून लिहिते, म्हणजे ओळी एकमेकींवर चढत नाहीत.

अष्टमीला ये. तुझ्या ताईला बघायला ये.

ताई


तार. धार, २० ऑक्टोबर १९८५. श्री. अशोक यांस, देवास.

जयवंती को टेकरी मत ले जाइए. उपवास बंद. डॉक्टर को तुरंत दिखाइए. आ रही हूँ. सरला


इंदूर, २३ ऑक्टोबर १९८५

ती. अण्णा,

ताई इथे मोठ्या दवाखान्यात आहे. जिवाला धोका नाही असं आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, मगच लिहायला बसले. अर्धवट बातमीने तुमची झोप मी घालवणार नव्हते.

मी पोचले तेव्हा माझी तार देवघरातच होती, फोडलेली, तिकिटाच्या शेजारी. दारात जीप उभी होती. अंगणात गुळाच्या भेल्या केळीच्या पानांवर मांडलेल्या, वर हळदकुंकू. कोणीतरी म्हणालं, "लो, धारवाली आ गई." ताई नऊवारी नेसून भिंतीला टेकून उभी होती. बारीक दिसत होती, अण्णा. पण डोळे... बुबुळं आपली आपण थरथरत होती. मला बघून हसली आणि माझ्या शेजारी, जिथे कोणीच नव्हतं, तिथे हात पुढे केला.

मी तिच्या सासूबाईंना, इंदिराबाईंना, म्हटलं, "मावशी, हिला टेकडीवर नाही न्यायचं. दवाखान्यात न्यायचं."

"तार वाचली मी," त्या म्हणाल्या. "अष्टमीच्या दिवशी अडवू नकोस, पोरी. हिला दोघी मातांचं दर्शन होतंय. तुला होतंय का? मला पासष्ट वर्षांत झालं नाही."

"ही खात नाहीये. पाणीसुद्धा ठरत नाहीये हिच्या पोटात."

"उपवास आहे तिचा."

भाऊजी जीपजवळ उभे होते. एकदा आईकडे बघत, एकदा माझ्याकडे. मला माझा आवाज चढलेला ऐकू येत होता आणि अंगणातले सगळे थांबले होते. दुष्काळाचं, सुईचं, सगळं सांगून झालं. कोणी ऐकेना. मग ताईच्या पत्रातली वाकड्या अक्षराबद्दलची ओळ आठवली. बसमध्ये ती मी इतक्यांदा वाचली होती. मी ताईचा हात धरून तिला देवघरात समईसमोर बसवलं आणि इंदिराबाईंना म्हटलं, "मावशी, तुम्हीच विचारा."

त्यांनी विचारलं, "किती गं?"

"दोन, आई."

"आता हिचा एक डोळा तुम्ही झाका. तुमच्याच हाताने."

त्या माझ्याकडे रागाने बघत राहिल्या. पण झाकला.

"आता?"

ताई म्हणाली, "एक."

त्यांनी हात काढला. "दोन." पुन्हा झाकला. "एक." मग दुसरा डोळा झाकला. "एकच, आई."

मी म्हटलं, "माता डोळा झाकल्यावर निघून जातात का हो?"

हे बोलायला नको होतं कदाचित. मोठ्या माणसाला असं विचारायला तुम्ही शिकवलं नव्हतं. ताईच्या डोळ्यावर इंदिराबाईंचा हात तसाच होता. मग त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि म्हणाल्या, "अशोक, जीपमध्ये गादी टाक. गूळ राहू दे." कोणीतरी म्हणालं, "माँजी, मन्नत?" त्या म्हणाल्या, "मन्नत मेरी है, मैं देख लूँगी. आप लोग घर जाओ." इंदूरपर्यंत ताईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. वाटेत एकदा त्यांनी मला विचारलं, "ही रोज न्हाणीघराचं दार लावायची. तेव्हा...?" मी हो म्हटलं. त्यांनी पदराने ताईचं तोंड पुसलं.

इथल्या डॉक्टरांनी मुंबईला ट्रंककॉल लावला आणि लगेच शिरेतून सुया सुरू केल्या. जीवनसत्त्वाच्या आहेत, बी-वनच्या. ते साठतच नाही अंगात, म्हणे. महिनाभर उलट्या आणि पोटात काही नाही, की डोळे आणि पाय जातात, पुढे आठवणसुद्धा. ते म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर ती तुम्हाला ओळखू शकली नसती. आज बुबुळं बरीच स्थिर आहेत. पायांचं सांगता येत नाही. काही महिने लागतील, थोडं कायमचंही राहील.

पोटाच्या पिशवीचं तोंड सुजून आवळलं होतं, म्हणून खाल्लेलं वर यायचं. मी मात्र तिला मोदकांवरून बोलत होते. ते पत्र तिच्या उशीखाली सापडलं. मी ते परत घेतलेलं नाही. तिचं आहे.

सरला


देवास, १९ एप्रिल १९८६

लाडके सरले,

हे पत्र दोन्ही डोळ्यांनी लिहितेय.

परीक्षेमुळे तू आली नाहीस, म्हणून सगळं सांगते. चैत्राच्या नवरात्रात, परवा अष्टमीला, माझी तुला झाली. मी नको म्हणत होते. वजन उतरलंय, पण कॉलनीला बघायला बोलवावं इतकं नाही. अजून रुंदच आहे मी. मुंबईचे डॉक्टर फेब्रुवारीत म्हणाले, "ठीक चाललंय, वर्ष होऊ द्या." त्यांचं ते 'वर्ष' आता मलाही पाठ झालंय. पाय अजून गादीवर पडल्यासारखे पडतात. हे एका बाजूने, काठी दुसऱ्या बाजूने. टेकडीच्या पायऱ्या बसत बसत चढले.

पारड्यात मी अंग आवळून बसले. समोरच्या पारड्यात भेली ठेवली तरी ते जागचं हलायचं नाही. आणखी एक. आणखी एक. मी डोळे मिटून घेतले. मला त्या आरतीच्या वेळचं हसू ऐकू येत होतं, कोणी हसत नसताना. आणलेला गूळ संपला आणि माझं पारडं अजून खालीच. तेवढ्यात उमाशंकरजींच्या मिसेसनी विचारलंच, "अरे बाप रे, और चाहिए? इतना गुड़?"

आई खालच्या दुकानातून आणखी भेल्या आणायला ह्यांना पाठवत होत्या. मागे वळल्या. म्हणाल्या, "हाँ, इतना. मैंने माँ से बहू के वजन का गुड़ बोला था. कम वजन का नहीं बोला था." मग माझ्याकडे बघून मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नीट टेकून बस गं. अंग चोरू नकोस. देवीचा गूळ कमी होईल."

मी टेकून बसले, सरले. सगळा भार टाकून बसले. हे धापा टाकत भेल्या घेऊन आले आणि माझं पारडं हळूच उचललं गेलं. अण्णांना सांग, हुजुरांच्या तुलेचं त्यांचं गणित मला सुटलं.

गूळ तिथल्या तिथे वाटला. शेजारीणबाई दोन भेल्या पदरात घेऊन उतरल्या.

घरी समईची ज्योत मला एकच दिसते. कधी फार थकले, संध्याकाळी, की तिच्या कडेला दुसरी डोकावते. आता मी न्हाणीघराचं दार लावून घेत नाही, आईंना सांगते. त्या हात जोडत नाहीत. चांदीची वाटी पुढे ठेवतात आणि म्हणतात, "दोघी आल्या का? मग आधी वरणाचं पाणी घे."

तुझी,
ताई